भावाला सांगायचं नाही असं दुखणं

झाडाच्या सालीचं कापड चिकटवायला फळीवर बसलेली आकानेसी काम संपेपर्यंत उठत नाही, अशी तिची ख्याती होती, आणि ही ख्याती पसरवण्याचं काम मुख्यतः तीच करी. आमच्या बेटावरच्या बायकांच्या अंगी गुण बरेच आहेत. कोणी बारीक चटया विणते, कोणी चर्चमध्ये छत हलेल असं गाते. आकानेसीच्या अंगी हा एकच गुण, न उठण्याचा, आणि तो तिनं वीस वर्षं मिरवला.

फळीवरून उठणं सोपं नसतं, हे खरं. दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका, मधे लांब फळी, तिच्यावर ठोकून पातळ केलेल्या सालीचे दोन थर, आणि त्यांच्यामधे उकडलेल्या कंदाची खळ हातोहात फासायची. एकीचा हात थांबला की खळ वाळते आणि कापडाला फुगे येतात. मग ते कापड लग्नात द्या नाहीतर मयताला, लोक फुगेच मोजत बसतात. म्हणून सगळ्याच बायका बेतानं उठत. आकानेसी मात्र फळीवर बसायच्या दिवशी उजाडल्यापासून पाण्याचा घोटही घेत नसे.

"पाणी ढोसायचं असेल तर विहिरीवर बसावं माणसानं, फळीवर कशाला यावं?" असं ती फिनाऊला ऐकवी. फिनाऊ गटाची म्होरकी, साठीची, दर दोन तासांनी खुशाल उठून जाणारी.

अशा या कर्तबगार बाईला एका सोमवारी लघवीला जळजळ सुरू झाली. दर दहा मिनिटांनी पळावं, चार थेंब व्हावेत, आणि धार लागावी ती डोळ्यांना. ओटीपोटात कळ वेगळीच.

दवाखाना घरापासून शंभर पावलांवर. पण तिथं औषधं द्यायला बसायचा केपुएली, आणि केपुएली तिच्या मावशीचा मुलगा. आमच्याकडे मावस-चुलत असा भेद नाही, भाऊ तो भाऊ. आणि भावा-बहिणीनं एकमेकांसमोर अंगाचं, पोटाखालचं अवाक्षर काढायचं नाही. तो खोलीत आला की ती बाहेर. रेडिओवर आरोग्याचा कार्यक्रम लागला आणि ही दोघं एका छपराखाली असली, तर कोणीतरी धावत जाऊन बटण बंद करतं. वर्षाच्या सुरुवातीला केपुएलीची बदली इथं झाली तेव्हा गावानं आनंदानं दोन डुकरं भाजली. आकानेसी तेवढी म्हणाली, "चला, माझ्यापुरता दवाखाना बंद झाला." लोक हसले आणि तिच्या वाटचं मांसही खाऊन मोकळे झाले.

शेजारच्या बेटावर मोठं इस्पितळ आहे. पण तिथं नेणारा बोटवाला, तोही भाऊच. गावात माणसं एकशेऐंशी, त्यांत आकानेसीचे भाऊ एकोणतीस. देवानं भावांचं सुख तिला हात आखडता न घेता दिलं होतं.

पहिल्यांदा ती स्वतःच दवाखान्यात गेली आणि दारातूनच म्हणाली, खांदा दुखतो. केपुएलीनं भिंतीकडे बघत मलम दिलं. खांदा अगदी लोण्यासारखा मऊ झाला. मग तिनं पेरूचा पाला उकळून प्यायला. मग नवऱ्याच्या दाढेच्या वेळच्या दोन गोळ्या फडताळात उरल्या होत्या, त्या घेतल्या. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी आग दुपटीनं परत आली.

तेव्हा तिनं नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याचं नाव पेनिसिमानी, पण एवढं मोठं नाव त्याला कधी शोभलंच नाही, म्हणून सगळे पेनी म्हणतात.

"पेनी, तू जा. म्हणावं, तुलाच जळतंय."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"भरलीय असं दाखव. लग्नाला बावीस वर्षं झाली, एक काम धड कर."

पेनी गेला. वाटेत घोकत गेला आणि केपुएलीसमोर एका दमात ओकला, "जळतं, सारखं जावंसं वाटतं, थेंब थेंब होतं, आणि कापड चिकटवायला बसलं की वाढतं."

"कापड कोण चिकटवतं?"

"मी. म्हणजे, मी आपला लांबून बघतो."

केपुएलीनं त्याच्या हातात बाटली दिली. पेनीनं ती काठोकाठ भरून आणली. तपासायची पट्टी त्यात बुडवली तर तिचा रंग तसूभर बदलला नाही. केपुएलीनं सांगितलं, पाणी भरपूर पी, लागली की जा, तुंबवून ठेवू नकोस, आणि महिनाभर कावा, म्हणजे आमच्या पुरुषांचं ते मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बैठकीला जायचं नाही. गोळ्या काही दिल्या नाहीत. पट्टी स्वच्छ असताना देणार कशाच्या?

पेनी घरी आला तो सुतकी चेहऱ्यानं. "तुझ्या दुखण्यापायी माझा कावा गेला," म्हणाला.

"आणि मला काय सांगितलंय?"

"पाणी पी, तुंबवू नको."

"ते तुला सांगितलंय, मला नव्हे," आकानेसी म्हणाली आणि पाठ फिरवून पडून राहिली.

इकडे केपुएलीच्या डोक्यात दोन दिवसांनी उजेड पडला. जो पेनी दिसेल त्या नारळाच्या झाडाशी उभा राहतो, त्याला तुंबवण्याची वेळ येईलच कशी? दुखणं कोणाचं, हे त्याला लख्ख कळलं. राजधानीत शिकलेला माणूस तो. मुकाट्यानं बहिणीच्या दारात जाऊन बाटली मागावी, एवढं त्याच्यानं झालं नाही. गावातल्या बायकांना जमवून समजावून सांगावं, तर त्या घोळक्यात आकानेसी असणार. म्हणून या विद्वानानं बायकांच्या लघवीवरचं व्याख्यान पुरुषांना दिलं.

शुक्रवारी कावा पिण्याच्या बैठकीत तो सांगू लागला आणि वीसेक बाप्ये आपापल्या करवंटीत डोळे घालून ऐकत राहिले. बायकांची लघवीची वाट आखूड असते, म्हणून जंतू झटकन वर चढतात. तुंबवलं की त्यांना मोकळं रान मिळतं. पुसताना पुढून मागे पुसावं. नवऱ्याशी संग झाल्यावर उठून लघवीला जाऊन यावं. इथं तिघांना ठसका लागला. उरल्यासुरल्या गोळ्या खाऊ नयेत, दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत, आणि थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं, उलट्या झाल्या, तर आग मूत्रपिंडाला लागली समजावं आणि ताबडतोब यावं. सगळे नवरे हे गाठीला बांधून घरी गेले आणि माना खाली घालून बायकांना सांगते झाले.

एकच नवरा त्या बैठकीत नव्हता. त्याला महिनाभर कावा बंद होता.

पुढच्या आठवड्यात पाद्रीबाबांच्या निरोपासाठी मोठं कापड चिकटवायचं ठरलं. त्या दिवशी फळीवर बायका आल्या त्या पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि आळीपाळीनं उठू लागल्या. शेजारणीनं जागा सांभाळायची, खळ वाळू द्यायची नाही. आकानेसीनं नाक मुरडलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

फिनाऊ तिच्याकडे सरकली. "आकानेसी, ऊठ ना जरा. आमच्या ह्यांना केपुएली सांगत होता की बायकांनी—"

"माझ्या भावाचं नाव घेऊन असलं काही माझ्या कानावर घालायचं नाही," आकानेसी कडाडली. "तुम्हाला लाज नसेल, मला आहे."

फिनाऊ सरकून पुन्हा खळ फासू लागली. तिनं गप्प व्हायला नको होतं, पण आमच्याकडे एवढं ऐकल्यावर सगळेच गप्प होतात. अकराच्या सुमाराला आकानेसीचे दात वाजू लागले. भर उन्हाळ्यात. मग तिनं पाठीला हात लावला, एकदा ओकली, आणि आडवी झाली ती ओल्या खळीवरच. कापडाला फुगा नाही आला, अख्खी बाई चिकटली. ती मरतेय की काय या भीतीनं बायकांनी कापड फाडूनच तिला सोडवलं आणि दवाखान्यात नेलं.

केपुएली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पेनीला म्हणाला, "विचार, कुठं दुखतं."

"कुठं दुखतं, विचारतोय."

"पाठीत," आकानेसी कण्हली.

"पाठीत म्हणते."

"विचार, आणखी काही त्रास?"

पेनी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. ताप एकशेचार होता.

"जळतंय मला!" आकानेसी ओरडली. खोलीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. "केपुएली, लघवीला जळतंय, तीन आठवडे झाले. भिंतीला नको सांगू, मला सांग काय करायचं ते!"

केपुएली वळला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बोटवाल्याला बोट काढायचा निरोप धाडला, बाटली आणायला सांगितलं, आणि इंजेक्शन भरायला खण उघडला. खणात वरच एक पाकीट होतं. गोळ्यांचं. त्यावर आकानेसीचं नाव आणि बारा दिवसांपूर्वीची तारीख, त्याच्याच सुबक अक्षरात.

आकानेसीला वाचता येत होतं. "हे कधीपासून इथं आहे?"

"पेनी येऊन गेला, त्याच्या दोन दिवसांनंतर." त्यानं मान खाली घातली. "तू बाटली घेऊन येशील म्हणून वाट बघत होतो. मी कसं विचारणार? बहीण आहेस. मान राखला तुझा."

"मी मेले असते ना, म्हणजे राखला असतास मान," ती दात वाजवत म्हणाली. "कमरेला सुतकाची फाटकी चटई बांधून मागच्या अंगणात माझ्या मयताची डुकरं भाजत बसला असतास. टोच आता."

त्यानं सुई टोचली.