अनसूयाबाईच्या डब्यातला मुळा

बनुबाईला राग आला की ती तोंडानं बोलत नाही, भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. त्या थंडीत वडूजजवळच्या वस्तीवर तिच्या घरातली भांडी नुसती लखलखत होती, आणि ह्या सगळ्याला कारण होता परड्यातला मुळा.

मुळ्याचं बी चिमटीनं टाकायचं असतं, हे बनुबाईला काय माहीत नव्हतं? पण पुडी जुनी होती. निम्मं उगवायचं नाही, म्हणून बाईनं सगळी पुडी उधळली आणि मेलं सगळंच उगवलं. कॅनॉलला पाणी होतं, थंडीही चांगली पडली होती. मुळे मनगटाएवढे झाले. बरं, मुळा काही थांबत नाही. आज उपटला नाही तर चार दिवसांनी जून होऊन बसतो. मग काय, सकाळी मुळा, संध्याकाळी मुळा! कधी पीठ पेरून, कधी दह्यातली कोशिंबीर, कधी पाल्याची ताकातली पातळ भाजी, कधी थालीपीठ. म्हैससुद्धा पाला बघून तोंड फिरवायला लागली.

लालासाहेब मात्र निमूट जेवत होते. हा बनुबाईचा नवरा, फौजेतून हवालदार होऊन आता कायमचा घरी आलेला. लग्न करून ती कवठे महांकाळकडून इथं आली तेव्हापासून हा गडी सरहद्दीवर आणि ती सासू नि म्हशीच्या मधे. रजेवर आला की ती जीव ओतून करायची आणि पदर तोंडाला लावून त्याच्याकडं बघत बसायची. तो खायचा, हात धुवायचा, उठायचा. बरं झालंय म्हणावं, वाईट झालंय म्हणावं, काहीतरी म्हणावं की माणसानं! शेवटी तिनं मनाची समजूत घातली होती, की मेसचं खाऊन खाऊन ह्यांची जीभच मेली असणार. त्या समजुतीवर तिनं अख्खा संसार केला.

आणि मग तिनंच शेजारी मुळ्यांचा वानवळा धाडला. आपल्या रानात पिकलं की चार घरी द्यायचं, ही रीतच आहे. शेजारच्या नारायणरावांची बायको अनसूयाबाई सांगलीची. नोकरी संपल्यावर दोघं इथं शेतात घर बांधून राहिलेली. अनसूयाबाईनं दुसऱ्याच दिवशी स्टीलचा डबा पाठवला. डब्यात तोच मुळा किसून, पिळून, आत भरून केलेले पराठे.

लालासाहेबांनी पहिला घास घेतला आणि चक्क बोलले.

"आयला! पठाणकोटला असताना असं खाल्लं हुतं. फस्क्लास! एकदम फस्क्लास!"

म्हणजे जीभ जिवंत होती! इतकी वर्षं जिवंत होती! बनुबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी तिनं पाण्याचा हंडा दोनदा घासला.

पण थांबतेय कशाला ती अनसूयाबाई! मुळ्याची भजी आली. मोहरी फेसून घातलेलं लोणचं आलं. प्रत्येक वेळी डबा तोच, झाकणावर दुकानदारानं कोरून दिलेलं नाव तेच, आणि लालासाहेबांचं बोलणंही तेच. पुढं पुढं तर जेवायला बसायच्या आधीच विचारायला लागले, "आज शेजारनं काय आलं न्हाई व्हय?"

"आलंय की," एक दिवस बनुबाई म्हणाली.

आलं काहीच नव्हतं. अनसूयाबाईचा कालचा डबा घासून फळीवर ठेवला होता. त्यात तिनं आपण केलेला झुणका भरला. मुळा किसलेला, पाला बारीक चिरलेला, लसणाची फोडणी, आणि वरून भाजून कुटलेलं कारळं. कारळं घालायचं हे तिच्या आईचं. झाकण लावून, नाव वर येईल असा डबा तिनं ताटाशेजारी ठेवला आणि समोर बसली. रजेवरच्या जेवणाला बसायची तशीच, पदर तोंडाला लावून.

लालासाहेबांनी डबा बोटानं पुसून घेतला. "ह्याला म्हणत्यात हात! लय भारी. आजपतुर खाल्लं न्हाई असं. बघून शिकून घे जरा."

"आवं, म्याच केलाय त्यो."

लालासाहेब हसले. म्हणाले, "उगं जळू नगंस गं."

झालं! डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. डबा घेऊन मोरीवर गेली.

आता डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून कढईत उरलेला झुणका त्यातच घालून ती शेजारी गेली. अनसूयाबाईनं चमच्यानं चव घेतली, पुन्हा घेतली, आणि तिचा चेहरा जरासा उतरला.

"बनुताई, तुम्ही केलंत हे? काय घातलंय यात?"

बनुबाई त्या चेहऱ्याकडं बघतच राहिली. हा चेहरा तिच्या चांगला ओळखीचा होता. इतके दिवस तो रोज हंड्यात दिसत होता. जळत होती की बाई! सांगलीची अनसूयाबाई तिच्या हातावर जळत होती!

"काय न्हाई वो," बनुबाई गोड हसून म्हणाली, "मुळाच हाय." कारळ्याचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. घरी येताना पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आठवड्यानं डबा पुन्हा आला. झाकण उघडलं तर झुणका! लालासाहेबांनी अधाशासारखा घास घेतला, चावला आणि थांबले.

"आज न्हाई जमलं अनसूयाबाईला," ते म्हणाले. "गेल्या खेपंला कसला झालता! त्याची सर न्हाई ह्याला."

बनुबाईनं एक चिमूट तोंडात टाकली. तीळ! बिचारीनं कारळ्याच्या जागी तीळ घातले होते. बनुबाईच्या पोटात इतकं गार वाटलं, की हसू दाबायला तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"व्हय," ती म्हणाली, "गेल्या खेपंचा लय भारी झालता."

"तसा तुला जमंल का बघ की एकदा."

"मला?" बनुबाई म्हणाली. "मला कुठला जमायचा तसा?"

आणि तिनं लालासाहेबांच्या ताटात अनसूयाबाईचा झुणका आणखी एक पळी वाढला.