पापणी उचलली नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा माझा सत्कार झाला. गोरगरिबांचा देवमाणूस म्हणाले मला! आणि मी मान पुढं करून हार घालून घेतला. तेव्हापासून जी चीड आलीय — स्वतःचीच — ती उतरत नाही.

पाथरीकडच्या एका गावात माझा दवाखाना होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यातली गोष्ट. गावानं दलितवस्तीवर बहिष्कार टाकला. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. औषध देऊ नका, असं मला कुणी बजावलं नाही. गावची चार वजनदार माणसं फक्त रोज सकाळी माझ्या ओट्यावरच्या बाकावर पेपर वाचत बसू लागली. तेवढं मला पुरलं. एरवी वस्तीतलं कुणी आलं की मी नाडी बघायचो, पोट दाबून बघायचो. आता त्यांना पायरीखाली उभं करून वरूनच गोळ्या टाकू लागलो. डॉक्टर म्हणे!

अशात एका सकाळी वस्तीतली गयाबाई आपल्या सात-आठ वर्षांच्या शांताला कडेवर घेऊन आली. पोरीला सर्दी, ताप, आणि उजवा डोळा सुजून गच्च बंद.

"सायेब, जरा हात लावून बघा की. लय दुखायलंय लेकराला. रात्रीतनं सुजलाय, डोळा भाईर यायलाय."

मला कळलं नाही, असं समजू नका. 'डोळा भाईर यायलाय' म्हणून रोगाचं निदान त्या माउलीनंच माझ्या हातात आणून दिलं होतं. सुजलेली पापणी दोन बोटांनी उचलायची आणि बुबुळ फिरतं का ते बघायचं. फिरत असेल तर सूज वरवरची. फिरत नसेल तर ती आत, डोळ्याच्या मागं, खोबणीत — मग त्याच दिवशी परभणी, शिरेतून इंजेक्शनं, पू झाला असेल तर चिरा. दोन बोटं! किती वेळ लागला असता?

बाकावर पेपरची पानं उलटायची थांबली. मी शेपूट घातलं. "डोळे आलेत," म्हणालो — एकच डोळा सुजलेला, अन् म्हणे डोळे आलेत! — आणि थेंबांची बाटली वरून तिच्या पदरात टाकली.

तिसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन परभणीला गेली. जीव वाचला. डोळा गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर? भाकरी न्यायला गयाबाई गावी आली, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी तिच्याजवळ माझ्यासाठी चिठ्ठी दिली होती : आधी कुणी तपासलं, काय दिलं? मी लिहिलं — 'माझ्याकडे आणले नव्हते. घरीच पाला बांधला असावा.' सही केली, शिक्का मारला. आणि ती चिठ्ठी घेऊन गेलं कोण? गयाबाईच. तिला वाचता येत नव्हतं. जाताना मला हात जोडून गेली.

परभणीत तिला बोलणी खावी लागली. पाल्याची गोष्ट गावभर झाली. 'आईनंच पोरीचा डोळा घालवला' — हे माझ्याच ओट्यावर, माझ्यादेखत बोललं गेलं. ती सांगत राहिली, मी दवाखान्यात नेलं होतं. माझ्या शिक्क्यापुढं तिचं कोण ऐकणार? मी मान खाली घालून गोळ्या मोजत होतो. पुढं शांताही आईला तेच विचारायची, असं ऐकलं. तापात तिला काही उमगलं नव्हतं.

गयाबाईनं पाला बांधला नव्हता. डोळा सुजला त्याच सकाळी ती माझ्या पायरीशी आली होती. हात लावून बघा म्हणाली होती. मी लावला नाही.