बाविसाव्या सकाळचा पोहरा
ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालताना त्याचा कडू वास हाताला लागला, की आमच्या निघोज गावच्या विहिरीवरची ती सकाळ आठवते. पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या मुलीला देवी आल्या होत्या. डॉक्टरांनी दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायला लावली आणि एकवीस दिवस घरातल्या कुणी विहिरीवर जायचं नाही, असं बजावलं. मी रोज भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढत होतो. एकवीस रेघा झाल्या, खपल्या पडल्या आणि डॉक्टरांनी स्वतः डहाळी सोडली. बाविसाव्या सकाळी बायको घागर घेऊन निघाली, मागून मी पोहरा घेऊन. आम्हाला पाहताच सगळ्यांनी आपापले पोहरे वर ओढून घेतले. "बंदी उठलीय, एकवीस दिवस झालेत," मी म्हणालो. शेजारच्या काकू कडाडल्या, "डाक्टरनं उठवली आसंल, आमी न्हाई! देवी काय तुज्या रेघा मोजून जाती व्हय? हो मागं!" आणखी नऊ दिवस आम्ही ओढ्याचं गढूळ पाणी गाळून प्यालो. दोन महिन्यांनी काकूंच्याच नातवाला देवी आल्या. बाविसाव्या सकाळी त्या घागर घेऊन आल्या, तेव्हा बाया मागे सरल्या. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकवीस झालं न्हवं रं? तूच सांग ह्यास्नी." मी माझा पोहरा वर ओढून घेतला. मोजण्यात माझी आजवर चूक झालेली नाही; त्या दिवशीही झाली नव्हती.