साळवेबाईंनी मला खाटेशेजारी बसवले

रेव्हरंड शालिनी साळवे, म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांच्या बाई, मला पहिल्यांदा भेटल्या त्या कोलकात्याच्या बालीगंजमधल्या एका ख्रिस्ती वृद्धाश्रमाच्या जिन्यात. धर्मशिक्षणाच्या शेवटच्या वर्षी वृद्धांच्या आत्मिक सेवेचे काम मला तिथे शिकायचे होते आणि बाई माझ्या मार्गदर्शक होत्या. मी नगरची, हे कळल्यावर त्यांनी मराठीत विचारले, "बंगाली येतं?"

"थोडं थोडं."

"मग आधी ऐकायला शिक," म्हणाल्या आणि वर निघाल्या. परमुलखात आपले माणूस भेटले, निदान चहा तरी विचारतील, अशी माझी अपेक्षा होती.

बाईंचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या बदलीमुळे बाई कोलकात्यात आल्या. यजमान गेल्यावर नातेवाइकांनी परत बोलावले, पण बाई इथेच राहिल्या. आश्रमातल्या कित्येकांना भेटायला त्यांच्याखेरीज कोणी येत नसे.

त्यांची शिकवण्याची रीत कडक होती. प्रत्येक भेटीनंतर खोलीत झालेले बोलणे शब्दन् शब्द वहीत लिहायचे आणि मंगळवारी ती वही त्यांच्यापुढे ठेवायची. मी एकदा लिहिले, 'प्रार्थना छान झाली.' बाईंनी ते खोडले. "छान कुणाला वाटली? त्यांना, की तुला?"

त्या डिसेंबरातली गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. आश्रमात एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. नाताळला येणार नाही, असे त्याने एका बुधवारी कार्यालयात कळवले. आईला सांगायचे काम मात्र त्याने आश्रमावर टाकले. मी तिथेच उभी होते. त्या दुपारी माशीमांनी माझा हात धरून विचारले, "छेले आशबे?" मुलगा येईल ना?

"आशबे," मी म्हणाले. येईल.

दुसऱ्या दिवसापासून माशीमा इस्त्रीची साडी नेसून खालच्या व्हरांड्यात बसू लागल्या. थंडी होती, पण शाल घेईनात. साडी झाकली जाते म्हणाल्या. असे सहा दिवस चालले. वहीत मी फक्त लिहिले होते, 'मुलाबद्दल बोलणे झाले.'

मंगळवारी बाईंचे बोट त्या ओळीवर थांबले. "काय बोलणं झालं? तुझा शब्द सांग."

मी सांगितला. बाईंनी वही मिटली.

"तुम्ही सांगा ना त्यांना, बाई. तुमचं ऐकतील."

"खोटं तू सांगितलंस. खरंही तूच सांगायचं. मी दाराशी उभी राहते."

मी सांगितले. माशीमांनी एकच विचारले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या बुधवारपासून."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. दोनच दिवसांत त्यांना ताप भरला आणि छातीत कफ साठला. व्हरांड्यातल्या थंडीने का, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी खांदे उडवले.

मी बाईंना म्हणाले, "मला हे काम जमणार नाही. त्यांना मी नको आहे."

"तसं म्हणाल्या का त्या?"

"बोलतच नाहीत."

"मग जाऊन बस. जा म्हणाल्या तर ऊठ."

मी अकरा दिवस खाटेशेजारी बसले. पाणी दिले की त्या पीत, पण माझ्याकडे पाहत नसत. बाराव्या दिवशी सकाळी, बाई बंगालीत स्तोत्र वाचत असताना त्या गेल्या. दफनाला आम्ही पाच जण होतो.

"त्यांनी मला क्षमा केली असेल का?" कबरस्तानाबाहेर मी विचारले.

"ते आता तुला कळणार नाही. ते बरोबर घेऊनच काम करायचं."

त्या दिवशी बाई मला आपल्या घरी घेऊन गेल्या. पिठलं-भात केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "यजमान इस्पितळात होते, तेव्हा मी त्यांना शेवटपर्यंत सांगत राहिले, आपण घरी जाऊ. त्यांना निरोप घ्यायचा होता. मी घेऊ दिला नाही." हे त्यांनी इतर कोणा विद्यार्थ्याला सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. इथे लिहिण्याची परवानगी त्यांनीच दिली.

आज मी कोलकात्यातच, सॉल्ट लेकमधल्या एका चर्चच्या मंडळीत सेवा करते. माझ्या हातून सगळे नीट होते असे नाही, पण 'येईल' हा शब्द मी खात्री असल्याशिवाय उच्चारत नाही.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्याच आश्रमात तळमजल्यावर राहतात. वर्षभरात त्यांची नजर फार उतरली. गेल्या महिन्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. परतताना टॅक्सीत त्यांनी विचारले, "मला बाहेर बसवून तुला काय सांगितलं त्यांनी?"

"आहे तेवढीही नजर टिकणार नाही, बाई."

 आश्रमाशी उतरल्यावर म्हणाल्या, "आज लगेच जाऊ नकोस. बस जरा." अंधार पडेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले.

दीर्घायुष्य कसे असते, हे बाईंनी आयुष्यभर जवळून पाहिले आहे, म्हणून ते मागताना माझी जीभ अडखळते. तरीही मागते. परमेश्वराने बाईंना पुष्कळ वर्षे द्यावीत, अंगात बळ आणि मनाला शांती द्यावी, आणि त्या वर्षांतली एकही संध्याकाळ त्यांना एकटीने काढायला लावू नये.