दोन प्रवाहांमधली दोरी

नदी समुद्राला मिळते तिथल्या पुलाचे खांब पाण्याखाली उतरून तपासायचं काम त्या घरात बापापासून चालत आलं होतं. बाप थकल्यावर मुलगा बुडी मारू लागला आणि नावेतून त्याची दोरी धरायला मोठी बहीण बसली. तिला सगळे दोरीवालीच म्हणायचे. लग्नही झालं ते नावाड्याशी, त्यामुळे घरातली भांडणंसुद्धा नावेतच मिटायची. दोरीला बसणाऱ्या हिसक्यांवरून भावाला खाली काय हवंय ते तिला कळायचं.

त्या दिवशी नदी फुगलेली होती. गढूळ, गोडं पाणी वरच्या वर समुद्राकडे धावत होतं. पण भरतीही लागली होती, आणि जड खारं पाणी त्याच्याखालून गुपचूप उलटं, आत सरकत होतं. ही दोन पाणी मिसळतात तिथे, भाऊ सांगायचा, साखर विरघळताना दिसते तसं सगळं थरथरतं आणि स्वतःचा हातही धड दिसत नाही.

तो खांबाच्या बुडाशी पोचला आणि हिसके थांबले. दोरी ताठ झाली. तिनं हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. हाताला नुसती पाण्याची थरथर. हवेची नळी दोरीलाच बांधलेली होती. पंप धडधडत होता, पण हवा खाली पोचतेय की नाही, कुणास ठाऊक.

नावाड्यानं धावत येऊन दोरीला हात घातला.

"अहो, ओढू नका," ती म्हणाली. "खांबाला अडकलीय. ओढली तर नळी आवळेल."

"मग काय बघत बसायचं?"

"वरचं पाणी आपल्याला समुद्राकडे रेटतंय, खालचं त्याला आत नेतंय. नाव आत घ्या, म्हणजे दोरी सैल पडेल. इंजिन नको, पंख्यात नळी सापडेल. नांगराचा दोर ओढा."

सकाळीच दोघांचं वाजलं होतं, तरी त्यानं लगेच नांगराचा दोर धरला. दातओठ खात दोर ओढू लागला. नाव प्रवाहाविरुद्ध इंचाइंचानं सरकली. आपला अंदाज चुकला तर भाऊ हातचा जाणार, हे तिला कळत होतं. ती दोरी नुसती धरून राहिली.

दोरी सैल पडली. मग हाताला हिसके बसले, एकामागून एक. वर घे!

आता घाई करायची नव्हती. एकदम वर आणलं असतं तर त्याच्या फुप्फुसांवर बेतलं असतं. ती थांबत थांबत दोरी गोळा करत गेली. वरचं पाणी त्याला समुद्राकडे नेईल म्हणून तिचे डोळे त्या बाजूला लागले होते, पण तो वर आला नावेच्या नदीकडच्या अंगाला. ओठ निळे, कानातून रक्त.

"ताई, हवा घोटभरच येत होती," तो पुटपुटला.

"बोलू नकोस."

धक्क्याला लागल्यावरही तिची मूठ उघडेना. नवऱ्यानं शेजारी बसून एकेक बोट सोडवलं.

भावाचा तो कान कायमचा गेला. आता तो नावेत पंप सांभाळतो. खाली दुसराच पाणबुड्या उतरतो, आणि दोरी अजून तीच धरते.