सगळी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करत होती

डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून समजावत होते आणि माझ्या यजमानांचा फोन वाजत होता. सॅम्युएल तो घ्यायला बाहेर गेले. चर्चच्या पंचकमिटीत ना ते. कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला बोलावणं होतं. आजाराचं नाव मी एकटीनेच ऐकलं.

"स्पाइनल टीबी." म्हणजे मणक्याचा क्षय. छातीत नव्हता, त्यामुळे घरच्यांना लागण्याची भीती नव्हती. पण किडलेला मणका नस दाबत होता.

"गोळ्यांनी बरं होईल, बाई," डॉक्टर म्हणाले. "पण सध्या पडूनच राहायचं. उठायची घाई केलीत तर पाय जातील."

मी तलासरीच्या शाळेत शिक्षिका. सरावलीहून रोजचा बसप्रवास, वर संडे स्कूल, गायनमंडळ. पाठदुखी बसच्या धक्क्यांवर ढकलली होती. पाय बधिर झाले तेव्हा कुठे वापीला जाऊन एमआरआय काढला.

अंथरुणाला खिळले. गोळ्यांनी लघवी लाल, तोंड कडू. चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला यायची. बाहेर रिक्षा थांबवलेली असायची. "देवाने विश्रांती दिली तुम्हाला," म्हणायची, डोळे मिटून भरभर प्रार्थना करायची आणि निघायची. मी कशी आहे हे बघायला डोळे उघडे लागतात.

एका रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी खास प्रार्थना ठेवली. सॅम्युएलच ती चालवणार होते. बेडपॅन माझ्या हाताला लागेना. हाका मारल्या, फोन केला; त्यांनी तो सायलेंटवर ठेवलेला. शेवटी अंथरूण ओलं झालं. तशीच पडून राहिले.

ते उजळ चेहऱ्याने परतले. "अगं, सगळी मंडळी रडली तुझ्यासाठी!"

"मी ओल्यात पडलेय," मी म्हटलं.

त्यांनी चादर बदलली. मग सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले.

"आधी बसा. डोळे उघडा. माझ्याकडे बघा."

ते बसले. मग माझं मनगट हातात घेऊन म्हणाले, "किती वाळलीस गं. कधी वाळलीस?"

मला रडू आलं नाही. रागच आला. रोज याच घरात तर होते ते.

त्यानंतर ते संध्याकाळी घरी थांबू लागले, तेही कधीकधीच. माणूस एका चादरीने बदलत नाही.

आता मी पट्टा बांधून चालते. चर्चमध्ये देवाने बरं केल्याची साक्ष द्यायला मला उभी केली, तेव्हा ओल्या चादरीचं सांगितलं. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. बाहेर पडताना चर्चचे पाळक हळूच म्हणाले, "घरातलं घरात ठेवायचं असतं, बाई." गायनमंडळातली माझी जागा दुसरीला गेली. मीही मागितली नाही.

देवाचे आभार मानते. मंडळीचे अजून मानता आलेले नाहीत.

तुम्ही असे पडून असाल, तर चांगलं दिसण्यासाठी हसू नका. काय हवं ते मोठ्याने मागा.

परवा डहाणू रोडला आमच्यातल्याच एका बाईंकडे गेले. अर्धांगवायूने पडल्या आहेत. मी बायबल पिशवीतून काढलं नाही. "काय करू तुमच्यासाठी?" विचारलं.

त्या लाजल्या. "नखं वाढलीत गं."

मी त्यांची नखं कापली. एकेक बोट हातात धरून, सावकाश. मध्येच त्यांना झोप लागली. उरलेली बोटं त्या जागं होईपर्यंत तशीच ठेवली आणि तिथेच बसून राहिले.