जाऊबाईचा खोकला

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही — आणि माझ्या पोटात तर गोष्ट चहा निवेपर्यंतही टिकत नाही. जामसांवलीच्या वाटेवर बिबट्यानं माझ्या हातचं संत्रं सोलून खाल्लं, हे मी अख्ख्या सौसरला ऐकवलंय. लोक हसतात, पुन्हा सांग म्हणतात. खोटं आहे हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

पण एकदा मी असं खोटं बोलले, की कोणी हसलं नाही.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझा पोरगा सातव्याच महिन्यात झाला, नागपूरच्या दवाखान्यात. केवढा? वाढवून सांगायची सोयच नाही — वांग्याएवढा. काचेच्या पेट्या तीन, बाळं सात. सिस्टर म्हणाली, उघड्या छातीवर ठेवा, अंगाला अंग लावून, वरून धुवट लुगडं गुंडाळा. मी तापानं फणफणलेली. थोरल्या जाऊबाईनं मागचापुढचा विचार न करता चोळी सोडली. नऊ दिवस माझं पोर तिच्या छातीवर होतं.

ताप उतरला, मग मी घेतलं. ते रडून रडून निळं पडलं. तिनं घेतलं — गप्प.

"तू थरथरून राहिली ना, पोट्ट्याले भेव वाटते. निजून घे थोडी. मी आहो ना."

मी आहो ना! तिला घरी तीन होती. माझं हे एकच. कापसाच्या गंजीला काडी लागावी तशी मी जळले. चांगुलपणाचा कधी राग येतो का कोणाला? मला आला.

सकाळी सिस्टरला हळूच म्हटलं — "जाऊबाईंचा खोकला जुना आहे. रक्तही पडते." बस. इतकं कमी मी जन्मात बोलले नव्हते.

तिला तिथल्या तिथं बाहेर काढलं. पोरगा माझ्याकडे रुळला दोन दिवसांत. वाचला. मागून तिच्या छातीचा फोटोही साफ निघाला — पण तोवर बातमी घरी पोचलेली. सासूबाईंनी तिचं ताट-लोटा वेगळं केलं. तिच्या दोन वर्षांच्या धाकटीला रामाकोन्याला मामाकडे पाठवलं. पाच महिने.

"सिस्टरले कोणं सांगतलं असंन वो?" जाऊबाईनं मलाच विचारलं. मी म्हटलं, कोण जाणे.

धाकटी परत आली तेव्हा आईला ओळखेना. जाऊबाईनं हात पुढे केले, तर ती माझ्या पदराआड लपली. मी तिला कडेवर घेतलं, आईच्या देखत तिचा मुका घेतला.

बरं वाटलं मला.